प्रेमापोटी

९ फेब्रुवारी

बारके,

फोन उचलत नाहीस. निरोप ठेवला तर उलट फोन नाही. परवा तुझ्या दाराशी येऊन बेल वाजवली तर आतला टीव्ही पटकन बंद झाला. अगं, विमा एजंट आला की टीव्ही बंद करून घरात कोणी नाही असं दाखवायचं, हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं. माझ्यावरच वापरलंस. म्हणून आता कागद घेऊन बसले आहे.

आमच्या वकिलीणबाई म्हणाल्या, नातेवाइकांना काही लिहू नका. मी म्हटलं, नातेवाईक कोण, ती माझी बहीण आहे.

सरळ सांगते. तुझ्या नवऱ्याने माझ्या लॉन्ड्रीचे पैसे खाल्ले. 'अफरातफर झाली' असं ऑडिटरने लिहिलंय, जणू काही रात्री पाऊस झाला. झाली नाही, केली. हॉस्पिटलच्या चादरींसाठी जेवढी साबणपावडर येते तेवढीच पुन्हा एकदा फक्त बिलात यायची, आणि ज्या कंपनीकडून यायची ती कंपनी नाहीच. पत्त्यावर जाऊन आले, तिथे पंक्चरचं दुकान आहे. हे एक. दुसरं याहून वाईट. कामगारांच्या पगारातून फंडाचे पैसे दर महिन्याला कापले जायचे आणि फंडात कधी भरलेच जायचे नाहीत.

ते कळलं कसं माहितेय? आपले बॉयलरवाले काका डिसेंबरात निवृत्त झाले. फंड काढायला गेले तर खिडकीतली बाई म्हणाली, तुमच्या खात्यात कित्येक वर्षांत काही आलेलं नाही. काका परत आले आणि मलाच म्हणाले, "बाई, नंबर सांगताना माझंच काहीतरी चुकलं असेल." मला त्यांच्याकडे बघवेना. तुझ्या भाऊजींनी लॉन्ड्री सुरू केली तेव्हापासूनचा तो माणूस.

आता तुझ्याबद्दल. ऑडिटरची पहिली चौकशी ऑक्टोबरात आली आणि त्याच आठवड्यात तुझ्या नवऱ्याने राहतं घर तुझ्या नावावर केलं. बक्षीस म्हणून. खाली तुझी सही आहे, चांगली ठसठशीत. तेव्हा 'मला काही माहीत नव्हतं' हे नाटक करू नकोस. तुला सगळं माहीत होतं.

मशिनांवर ज्या बँकेचं कर्ज आहे तिने एप्रिलअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर फंड भरला नाही तर मशिनं उचलून नेतील आणि सगळे जण घरी बसतील. तुझं घर विकलं तर फंड पुरा भरतो. घर परत कर, लॉन्ड्री कंपनीच्या नावे लिहून दे. मी विनंती करत नाहीये.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा फाडायला घेतलं. फाडलं नाही, कारण उत्तर देताना समोर हवं होतं.

तुला काय वाटतं गं, तू थोरली म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं आणि मी ऐकून घ्यायचं? ह्यांच्यावर आरोप आहेत, ते कोर्टात बघू. हे सांगतात की तुझ्या लॉन्ड्रीत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता, पावडर कोण नेतंय, चादरी कोण नेतंय, काही हिशेब नव्हता, आणि आता सगळं ह्यांच्या माथी मारायचं चाललंय. चौदा वर्षं राबले हे तुझ्याकडे. चार लोकांत ओळख करून देताना 'माझ्या बहिणीचे मिस्टर' असं तुझ्या तोंडून एकदा तरी आलं का? 'हे आमचे हिशेबनीस.' मी शेजारी उभी असायचे.

आणि घर माझं आहे. ओट्याची उंची माझ्या कमरेच्या मापाने करून घेतली आहे. बाल्कनीच्या फरशा एकेक बघून आणल्या आहेत, त्यातली एक तिरकी बसली आहे आणि तीसुद्धा माझी आहे.

तू म्हणतेस मला सगळं माहीत होतं. काय माहीत होतं ते ऐक. ऑक्टोबरात एका सकाळी हे म्हणाले, आवर, एका ऑफिसात जायचंय. मी निळा ड्रेस घातला. तिथे ही गर्दी, एक पंखा चालू आणि एक नुसताच लटकलेला. एजंटाने पुढ्यात कागद टाकले आणि म्हणाला, इथे सही करा. मी वाचल्याशिवाय सही करत नाही, तूच शिकवलंयस. वाचलं तर लिहिलं होतं, 'पत्नीवरील नैसर्गिक प्रेमापोटी व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता, सदर घर बक्षीस देत आहे.'

ताई, बावीस वर्षं झाली लग्नाला. जेवण कसं झालंय विचारलं तर हे सांगतात, 'मीठ आहे.' आजारी पडले तर औषध आणून टेबलावर ठेवतात आणि आत निघून जातात. वाईट नाहीत, पण बोलत नाहीत. त्या माणसाने हे लिहून दिलं, शिक्क्यासकट. मी ते परत परत वाचलं. मग बाथरूम कुठे आहे विचारून आत गेले आणि रडून आले, आणि मग सही केली. ठसठशीत असणारच.

तुला ते बघवत नाही. भाऊजी गेल्यापासून तुझ्याकडे मशिनं आहेत आणि माणसं आहेत, पण तुझ्यावर जीव टाकणारं कोणी नाही, म्हणून दुसऱ्याकडे आहे ते तुझ्या डोळ्यांत खुपतं. लागलं असेल तर लागू दे.

बारकी


२२ फेब्रुवारी

बारके,

लागलं. जिथे लागावं म्हणून लिहिलंस तिथेच लागलं. पत्र खिशात घालून मी सरळ चादरींच्या प्रेसवर जाऊन उभी राहिले. तिथे इतकी वाफ असते की माणूस रडतंय की घामाने निथळतंय ते कळत नाही. आता माझं ऐक.

लॉन्ड्रीत कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता म्हणतेस ना? माझ्याकडे कोणत्या वॉर्डाची चादर कोणत्या डागासकट आली ते लिहिलेलं असतं. फक्त पैशांकडे मी बघितलं नाही, कारण तिथे घरचा माणूस बसवला होता. एवढाच माझा गाढवपणा.

सध्या निम्मी मशिनं बंद आहेत. दोन हॉटेलांनी काम काढून घेतलं. इस्त्रीवाल्या बायका रोज सकाळी विचारतात, उद्या यायचं का? मी म्हणते, या. मग केबिनमध्ये जाऊन दार लावून घेते, कारण पगार कुठून देणार ते मला माहीत नसतं. काका परत कामावर आलेत. गुडघा वाकत नाही, तरी एकेक पायरी धरून बॉयलरपर्यंत उतरतात. त्यांचे हक्काचे पैसे मिळाले असते तर आज घरी पाय वर करून बसले असते.

वकिलीणबाईंनी कायदा समजावून सांगितला. देणं बुडवायला कोणी आपली मालमत्ता फुकटात नातलगांच्या नावावर केली तर कोर्ट ती परत आणू शकतं. देणं बुडवायलाच केली, एवढं फक्त सिद्ध व्हावं लागतं. तिथेच घोडं अडलंय. तुझा नवरा म्हणतो, चौकशीचा नि ह्याचा काही संबंध नाही, बायकोला घर द्यायचं वचन जुनं होतं आणि मुळात मी प्रेमळ माणूस आहे.

तर तुझ्या ह्या प्रेमळ माणसाने त्या आठवड्यात आणखी एक बक्षीस दिलंय. हायवेजवळचा प्लॉट. तो त्याने थोरल्या भावाला दिला. त्या कागदाची नक्कल सोबत जोडली आहे. तिसरी ओळ वाच. 'बंधूवरील नैसर्गिक प्रेमापोटी व जिव्हाळ्यापोटी.' तेच शब्द आहेत गं. पत्नीच्या जागी बंधू घातलंय, बाकी स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही.

मला कोणी जीव लावत नाही म्हणालीस. तुला लावतात ते किती जणांत वाटून लावतात ते बघ.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

नक्कल खोटी आहे. तुझ्या वकिलीणबाईंनी कुठून पैदा केली ते त्यांना विचार.

थोरल्या दिरांना? प्लॉट? आणि प्रेमापोटी? तू आमच्या घरात राहिली असतीस तर हसून लोळली असतीस. सासूबाई हॉस्पिटलात होत्या, तेव्हा कॉरिडॉरमध्ये सगळ्या नातेवाइकांसमोर थोरले दीर ह्यांना म्हणाले होते, आईच्या पर्समधले पैसे तू काढलेस. चोर म्हणाले, सरळ. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. आमच्या घरात त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत, 'बोका' म्हणतात. सासूबाई गेल्या तेव्हा दोघं दोन टोकांना उभे होते आणि आलेल्या लोकांना कोणाला आधी भेटावं कळेना. ह्यांचं ठरलेलं वाक्य आहे, बोका मेला तर मी जाईन, पण खात्री करायला.

त्या माणसाला हे प्लॉट देतील? त्यापेक्षा त्यावर कचरा टाकतील. बायकोला कोणी प्रेमाने काही दिलं की लगेच त्यात खोट शोधायची, हाच तुझा धंदा. चादरीवरचे डाग बघून बघून तुला सगळीकडे डागच दिसतात.

आता लिहू नकोस. मी उत्तर देणार नाही.

बारकी


३ मार्च

बारके,

नक्कल सरकारी आहे, शिक्का उलटून बघ. मला विचारू नकोस, घरात विचार.

आणि एक. तुझ्या नवऱ्याने कोर्टात साक्षीदारांची यादी दिली आहे. पहिलं नाव तुझं आहे. तुला सांगितलंय का त्याने?

ताई


२१ मार्च

ताई,

नाही सांगितलं. तुझ्या पत्रातूनच कळलं.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आजही कळत नाही. पण इथे बोलायला भिंती आहेत फक्त, आणि त्यांचा रंग मीच निवडलाय, त्या माझीच बाजू घेतात.

मागच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर थोरले दीर. हातात बिस्किटांचा पुडा. अकरा वर्षांनी माणूस दारात येतो तो बिस्किटं घेऊन. मी बाजूला झाले आणि ते आत येऊन सरळ ह्यांच्या खुर्चीत बसले. हे आतून आले, त्यांना बघितलं आणि पांढरे पडले. मला वाटलं, आता मारामारी होणार. पण हे हळू आवाजात मला म्हणाले, तू आत जा.

मी नाही गेले. पहिल्यांदाच नाही गेले, ताई. बिस्किटं बशीत काढत तिथेच उभी राहिले.

तर झालं होतं असं. दोघांचं ठरलं होतं की प्लॉट नावावर करून घ्यायचा, प्रकरण थंड झालं की परत द्यायचा, मधल्या मध्ये काहीतरी रक्कम दिरांना. नातेवाइकांत कोणाला संशय येणार नाही, कारण ह्या दोघांचं वैर सगळ्यांना माहीत. हुशारी बघ. आणि आता प्लॉटला गिऱ्हाईक आलंय म्हणून ह्यांनी तो परत मागितला, तर दीर द्यायला तयार नाहीत. तेच सांगायला आले होते, आणि मुद्दाम माझ्यासमोर. बिस्किट चहात बुडवत म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाचा माझ्यावर एवढा जीव आहे, हे मला कागद वाचल्यावर कळलं. प्रेमाने दिलेलं परत मागू नये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, अकरा वर्षांपूर्वी मी खरं बोललो तेव्हा सगळे माझ्याच अंगावर धावून आले होते, तूही होतीस त्यात. होते मी, ताई. ह्यांची बाजू घेऊन तावातावाने भांडले होते.

ते गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, माझ्या कागदात ते 'प्रेमापोटी' कोणी घातलं?

ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "एजंटकडे छापील मसुदा असतो. ते लिहिलं की मुद्रांकाचे पैसे कमी लागतात." आणि मग म्हणाले, चहा टाक.

मी चहा टाकला. ताई, मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्याचा. दोन भावांच्या उष्ट्या कपांशेजारी उभं राहून मी त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकला, साखर कमी घालून, कारण त्यांना कमी लागते. रात्री ओट्याला हात लावला आणि अंगाची लाहीलाही झाली. तो शब्द मी पाठ केला होता गं. भाजी चिरताना मनात म्हणायचे. आणि तो होता काय, तर सवलत.

तेव्हापासून रोज जेवणानंतर माझी तोंडी परीक्षा असते. हे वकील होतात आणि मला विचारतात, पतीने घराचं वचन कधी दिलं? मी म्हणायचं, लग्न झालं तेव्हापासून. कितीदा दिलं? नेहमीच. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. परवा मी मुद्दाम चुकले तर उशी फेकून दिली.

पण तू हुरळून जाऊ नकोस. मी तुझ्या बाजूने आलेली नाही. 'तुला सगळं माहीत होतं' हे तुझं वाक्य मी विसरणार नाही. मला काहीही माहीत नव्हतं. आणि घर मी सोडणार नाही. ह्या वयात मी कुठे जाऊ? ह्यांच्याजवळ आता एक रुपया माझ्या उपयोगाचा नाही, आणि माझ्याजवळ ह्या चार भिंतींशिवाय काही नाही. घर गेलं तर मी रस्त्यावर, तू मात्र काकांचा फंड भरून मोकळी. मला कोणाचा फंड नाही, ताई.

बारकी


२५ मार्च

बारके,

वकिलीणबाईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय, तुझी साक्ष होईपर्यंत तुला लिहायचं नाही. हे शेवटचं, आणि तेही त्यांना दाखवून टाकते आहे. त्यामुळे कोर्टात काय बोलायचं त्याबद्दल ह्यात अक्षर नाही. ते तुझं तू बघ.

तुला माहीत होतं असं मी लिहिलं, ते चुकलं. याहून जास्त माफी मागणार नाही, कारण तू मला दार उघडलं नव्हतंस.

मुद्रांकाचं वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. माझे पैसे खाल्ले ते मी कोर्टातून वसूल करीन. हे कुठून वसूल करायचं मला कळत नाही. तो माणूस आत्ता माझ्यासमोर असता तर त्याला मी मोठ्या ड्रममध्ये घालून गरम पाण्याचं बटण दाबलं असतं. (वकिलीणबाई म्हणतात हे वाक्य काढा. काढत नाही.)

लॉन्ड्रीच्या मागे एक खोली आहे, जिथे पावडरीचे पिंप ठेवतो ती. ओल आहे. खिडकी वाळवणाच्या पटांगणावर उघडते आणि सकाळी सहाला बॉयलरचा आवाज सुरू होतो, तो थांबत नाही. खोली आहे, एवढंच कळवते. तू कोर्टात त्याच्या मनासारखं बोललीस तरी ती खोली तुझी आहे. मग मी तुझ्याशी बोलणार नाही, पण चहा मिळेल. करशील मात्र तू, मला तुझ्या हातचाच आवडतो.

बँक दारात येईपर्यंत ती खोली आहे. त्यानंतरचं मला माहीत नाही.

ताई


१९ एप्रिल

ताई,

साक्षीदारांना बाहेर बसवतात, म्हणून तू बाकावर होतीस आणि मी आत. मी बाहेर आले तेव्हा तू उठलीस, पण शिपायाने तुला आत बोलावलं. आत काय झालं ते वकिलीणबाईंनी सांगितलं असेल, पण त्यांनी मुद्द्याचं तेवढंच सांगितलं असणार. माझ्याकडून ऐक.

आधी त्याच्या वकिलाने विचारलं, पतीने घराचं वचन कधी दिलं? पाठ केलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. इतक्या रात्री घोकलेलं, ते काही केल्या जाईना. मी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "वचन कधीच दिलं नाही. ऑक्टोबरात एका सकाळी म्हणाला, आवर, ऑफिसात जायचंय."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. म्हणाल्या, कोण म्हणाला?

"हा. माझा नवरा."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. बावीस वर्षं हे म्हणाले, ह्यांनी आणलं, ह्यांना आवडत नाही. झोपेतसुद्धा कधी दुसरं आलं नसेल तोंडात. तिथे भर कोर्टात आपसूक निघालं, आणि निघाल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं नाही. ताई, त्याच्या तोंडाकडे बघायला हवं होतंस. समोर त्याला चोर, लबाड, विश्वासघातकी सगळं म्हणून झालं होतं, तो ढिम्म बसला होता. मी 'म्हणाला' म्हटलं आणि कानापर्यंत लाल झाला.

मग तुझ्या वकिलीणबाई उठल्या. त्यांनी विचारलं, दोघा भावांचं एकमेकांवर प्रेम होतं का? मी म्हटलं, आमच्या घरात त्यांना बोका म्हणतात. टाइप करणारा मुलगा थांबला आणि विचारायला लागला, बोका म्हणजे टोपणनाव लिहू का? सगळे हसले. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत सगळं सांगितलं. मागच्या बाकावर थोरले दीर, दाव्यात तेही आहेत, रुमालाने मान पुसत होते. न्यायाधीशबाई त्यांना म्हणाल्या, प्रेमाने मिळालेलं तुम्ही परत देणार नाही असं म्हणालात का? ते म्हणाले, आठवत नाही. वकिलीणबाईंच्या मते प्लॉटचं आता फार टिकत नाही.

घरी आल्यावर त्याने आवाज चढवला. मी त्याला एकच सांगितलं, माझ्या घरात ओरडायचं नाही. आणि ते बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. घर माझ्या नावावर आहे. त्यानेच केलंय, शिक्का मारून. वाचवायला म्हणून माझ्या नावावर केलं, मग घालवायला माझी सही पुरे, त्याला विचारायची गरजच नाही. त्याने ऑडिटरचा विचार केला, बँकेचा केला, तुझा केला, भावाचासुद्धा केला. मला कोणी मोजलंच नव्हतं.

निकाल लागायला महिने जातील आणि बँकेची मुदत ह्या महिन्यात संपते. म्हणून मी वकिलीणबाईंना फोन केला, त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, कोणी दबाव आणला नाही ना? मी म्हटलं, आणला होता, दुसऱ्या बाजूने. काल गेले त्या ऑफिसात. तुला मुद्दाम सांगितलं नाही. तू आली असतीस तर लोकांना वाटलं असतं ताईने आणली.

तोच एजंट. तोच पंखा लटकतोय अजून. तोच निळा ड्रेस घालून गेले होते, पण त्याने मला ओळखलं नाही. घर कंपनीच्या नावे करायचं आहे म्हटल्यावर त्याने कपाटातून मसुदा काढला, नावं भरली आणि माझ्यापुढे सरकवला. मी वाचला. तिसऱ्या ओळीत बसला होता, 'प्रेमापोटी'.

मी म्हटलं, हे खोडा. तो म्हणाला, बाई, साधारण हेच घालतात. मी म्हटलं, माझं ह्या घरातल्या कोणावर प्रेम नाही आणि ज्या बहिणीच्या कंपनीला देते आहे तिच्यावर तर सध्या फार राग आहे. रागापोटी लिहा. तो बिचारा चष्मा काढून माझ्याकडे बघत बसला. म्हणाला, राग मुद्रांकात बसत नाही. मागे रांग लागली होती, लोक कुरकुरायला लागले. शेवटी त्याने 'स्वखुशीने' लिहिलं आणि सांगितलं की हा शब्द नसेल तर आत कागदच घेत नाहीत. खुशी काही नव्हती, ताई. घरातून निघताना मी त्या तिरक्या फरशीवर उभी राहून रडले होते. पण कोणी आवर म्हणून आणली नव्हती, माझी मी रिक्षा करून आले होते. तेवढ्यापुरता शब्द खरा होता, म्हणून सही केली.

आज कागद वकिलीणबाईंकडे दिलेत. बँकेला दाखवायला त्या तुझ्याकडे येतील. काकांना म्हणावं, नंबर बरोबर होता. आणि आता बॉयलरच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत.

शनिवारी सकाळी येते. दोन बॅगा आणि माझा कुकर. नवरा कुठे राहणार ते त्याने आपल्या लाडक्या बंधूला विचारावं. खोलीतले पिंप त्याआधी हलवून ठेव, आणि ओल आहे तिथे माझी बॅग ठेवायला सांगू नकोस. भाऊजींवरून मी जे लिहिलं होतं ते मला लिहायला नको होतं. तू दाराबाहेर उभी होतीस आणि मी आतून श्वास धरून बसले होते, तेही नको होतं. पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, तो मी बरोबर घेऊन येते आहे. शनिवारी भांडायला वेळ काढून ठेव.

तुमच्या काउंटरवर चादरी मोजून घ्यायला माणूस नाही असं वकिलीणबाई म्हणाल्या. मी बसेन. पण पगार किती ते आधी ठरव आणि लिहून ठेव. प्रेमापोटी मी आता काही करणार नाही.

बारकी